पाखाडीवरचं बेडं: कलमांच्या बागेतून जाणाऱ्या एका वाटेचं प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेआठच्या सुमाराला, आमच्या पाखाडीच्या, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांच्या जुन्या वाटेच्या, तिसऱ्या वळणावर हापूसचा एक भरलेला क्रेट पडला. शहरातून आलेले बारा पाहुणे माझ्याबरोबर वर चढत होते. वरच्या बागेतून चार बायका डोक्यावर क्रेट घेऊन खाली टेम्पोकडे उतरत होत्या. पाखाडी तिथे जेमतेम चार फूट रुंद, दोन्ही बाजूंना गडगा, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची नुसती रचलेली भिंत. डोक्यावर वीसेक किलोचं ओझं घेतलेलं माणूस उतरणीवर थांबत नाही. त्याचा तोल चालीत असतो, चाल मोडली की तोल गेला. हे मला कळत्या वयापासून माहीत आहे. तरीही मी पाहुण्यांना वेळेत कडेला घेतलं नाही, कारण त्या क्षणी मागे वळून सुरंगीचा वास कुठून येतोय ते मी त्यांना सांगत होते. सगळ्यांत पुढच्या वहिनी आम्हाला जागा द्यायला गडग्याकडे सरकल्या, त्यांनी पाय टेकला तो चिरा निखळला, आणि क्रेट गेला.

आंबे पायऱ्यांवरून उड्या मारत खाली गेले. वहिनींचा घोटा मुरगळला आणि पुढचे दहा-बारा दिवस त्यांना कामावर येता आलं नाही. म्हणजे ऐन हंगामातली तितक्या दिवसांची मजुरी बुडाली. पाहुणे भले होते. त्यांनी धावत जाऊन आंबे गोळा केले, एकाने खिशातून पैसे काढून पुढे धरले. वहिनींनी हात मागे घेतला. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट अलगद उतरवलेला आंबा असा आपटला, की देठ तुटतो, चीक सालीवर ओघळतो आणि दोन दिवसांत तिथे काळा डाग धरतो. तो आंबा मग पेटीत जात नाही, कॅनिंगच्या भावाने जातो. हे त्या पाहुण्यांना कसं माहीत असणार? मला होतं.

दुपारी बागेच्या मालकांनी, ज्यांना सगळी वाडी काका म्हणते, पाखाडीवर आडवी काटेरी तार ओढली आणि तिच्यावर करवंदीची जाळी टाकली. त्या तारेपासून वाट पुन्हा उघडण्यापर्यंत आणि त्यानंतरच्या एका पूर्ण वर्षात जे घडलं, ते इथे सविस्तर मांडते आहे. बागांमधून आणि रानातून चालायच्या वाटा सध्या कोकणात ठिकठिकाणी सुरू होत आहेत. कातळावर कोरलेल्या चित्रांचा, म्हणजे कातळशिल्पांचा, २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्याच्या आगेमागे सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारांवर, पायी फिरायला येणारी माणसं पुष्कळ वाढली. कशेळीचा अठरा मीटर लांबीचा हत्ती बघून झाला, की त्यांना आणखी चालायचं असतं. त्यांना घेऊन फिरणाऱ्या माझ्यासारख्यांना हे प्रकरण उपयोगी पडेल असं मला वाटतं.

वाट

गाव रत्नागिरीच्या दक्षिणेला, मुचकुंदीच्या खाडीकाठचं. नाव लिहीत नाही, कारण त्यातली माणसं ओळखू येतील. वाट खाडीच्या जुन्या धक्क्यापासून निघते आणि सव्वाशे मीटर चढून सड्यावर पोचते. लांबी अडीच किलोमीटर. थांबत थांबत सव्वा तास, क्रेट घेऊन उतरणाऱ्या बाईला पंचवीस मिनिटं.

पहिला टप्पा आगराचा. माड, पोफळी, पोफळीच्या अंगावर चढवलेली मिरी, मध्येच जायफळाचं काळसर पानांचं झाड, खाली केळी आणि पाटाचं वाहतं पाणी. भर मे महिन्यातही इथे पावलाखाली ओल लागते. घरं संपली की पाखाडी सुरू होते. जांभ्याच्या या पायऱ्या मधोमध झिजून पन्हळीसारख्या झाल्यात. जांभा खाणीतून काढताना हत्याराला मऊ लागतो आणि ऊनवारा लागला की कडक होत जातो. तरी इतक्या पिढ्यांच्या टाचांपुढे तोही नमला. ज्यांनी ही पाखाडी घातली त्यांना पाण्याची नस कळत होती. प्रत्येक पायरीला एका अंगाला किंचित उतार दिलाय, म्हणजे पावसाचं पाणी कडेच्या गटारीने जातं आणि पायरीखालची माती धुपत नाही. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे ही वाट अजून उभी आहे, ती या उतारामुळे. गेल्या काही वर्षांत केलेली सिमेंटची पायवाट शेजारीच दोन ठिकाणी खचली आहे.

मग कलमांची बाग. दहा मीटरांवर एक कलम असं लावलेलं, पण तीस-पस्तीस वर्षांत फांद्यांना फांद्या भिडल्यात आणि पाखाडीवर छप्पर झालंय. बाग संपते तिथे जमीन कातळाची होते, माती वीतभर उरते, म्हणून तिथे काजू. काजूच्या वरच्या अंगाला घळीत देवराई.

देवराई तिथेच का, हे चालत गेल्याशिवाय समजत नाही. सड्याचा जांभा भोकाभोकांचा, पाणी पिऊन घेणारा. खाली चिकणमातीचा थर लागला की ते पाणी पुढे मुरत नाही, आडवं वाहून डोंगराच्या कुशीत झऱ्याने बाहेर पडतं. आमच्या गावचा पऱ्या, म्हणजे ओढा, त्या झऱ्यातून निघतो. ज्यांनी ती जागा देवाच्या नावे सोडली, त्यांनी खालच्या सगळ्या आगरांचं पाणी राखलं. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल लोकांपुढे आणलं. आमच्याकडे ते मोल पऱ्याला मेमध्ये किती पाणी आहे त्यावरून मोजतात. आत सातवीण, किंजळ, बेहडा, काजरा, सुरंगी, आणि दोरखंडासारखी या झाडावरून त्या झाडावर गेलेली गारंबी. भर उन्हातून आत शिरलं की पहिल्या क्षणी काही दिसत नाही.

आणि शेवटी सडा. एकदम आभाळ.

आधी वाट, मग बाग

तार पडल्यावर वाडीत दोन पक्ष झाले. एक म्हणत होता, वाट गावाची, काकांना अडवायचा अधिकार काय? दुसरा म्हणत होता, बाग काकांची, हंगामाच्या चार पैशांवर त्यांचं वर्ष चालतं, तिथे परके लोक कशाला फिरवायचे? दोन्ही बाजूंचं खरं होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

पन्नास वर्षांपूर्वी इथे बाग नव्हती. डोंगर उताराची ही सगळी वरकस जमीन. तिथे नाचणी-वरी व्हायची, भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, झाडांचं कवळ तोडून आणायचे, गुरं सड्यावर न्यायची. वरच्या वाडीतली मुलं शाळेला याच पाखाडीने उतरायची. १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली, कलमांना आणि काजूला अनुदान मिळू लागलं, आणि दहा वर्षांत आमचे डोंगर बदलले. काकांनी तेव्हा कावडीने पाणी वाहून कलमं जगवली. म्हणजे वाट आधीची, बाग नंतरची, हे खरं. पण नाचणी बंद झाली, गुरं कमी झाली, शाळेची मुलं रिक्षाने जायला लागली, तेव्हापासून त्या वाटेवर रोज पाय पडतात ते बागेच्या माणसांचेच. गवत बेणणारे, फवारणीवाले, राखणीसाठी कार्तिकाच्या सुमारास नेपाळहून येणारे आणि पावसाआधी परत जाणारे राखणदार, आंबा उतरवणारे. वाट जिवंत राहिली ती त्यांच्या चालण्याने. मी पाहुण्यांना ‘जुनी पाखाडी’ म्हणून जी दाखवत होते, ती या लोकांची रोजची कामाची जागा होती, आणि चार वर्षं तिथून माणसं नेताना मी हे एकदाही मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

कागदावरची वाट

एक भाऊ तालुक्याला जाऊन गाव नकाशाची प्रत घेऊन आला. त्यात आमची पाखाडी होती: एकेरी तुटक रेघ, म्हणजे पायमार्ग. गाडीमार्ग असता तर तुटक रेघ दुहेरी असते. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, पण त्याचं क्षेत्र वेगळं काढलेलं नसतं, ते त्या त्या भूमापन क्रमांकातच मोडतं. म्हणून काकांच्या सातबाऱ्यावर सगळी जमीन त्यांचीच दिसते, आणि तरीही नकाशात वाट आहे. कोकणातल्या निम्म्या वाटांच्या भांडणाचं मूळ या एका गोष्टीत सापडेल.

कायद्याचे रस्ते होते. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येतं. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वीस वर्षं उघडपणे आणि विनाखंड वापरलेल्या वाटेला १८८२चा सुविधाधिकाराचा कायदाही आधार देतो. आमच्याकडे ऑक्टोबरपर्यंत मुदत होती, आणि वाडीतल्या तरुणांना अर्ज टाकायचाच होता.

मी सही केली नाही. भित्रेपणा म्हणून काहींनी नावं ठेवली. माझं म्हणणं असं होतं, की आपल्याला त्या वाटेने जायला काकांनी कधीच अडवलेलं नाही. वाडीतलं माणूस आलं की ते स्वतः तार वर धरतात. अडवलंय ते मी पैसे घेऊन आणलेल्या बारा जणांना. गुरं न्यायचा, शेतात जायचा, शेजाऱ्याकडे जायचा जो हक्क पिढ्यांच्या चालण्यातून तयार झाला, त्याच्यावर माझा धंदा चढवून तो तहसीलदारांपुढे मांडणं मला पटत नव्हतं. निकाल आमच्या बाजूने लागला असता, तरी पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वळणावर तीच वहिनी आणि तेच बारा पाहुणे समोरासमोर आले असते.

गणपती उतरले तेव्हा

भाद्रपदात वरच्या वाडीतले गणपती विसर्जनाला याच पाखाडीने खाडीवर येतात. गौरी-गणपतीच्या दिवशी सकाळीच काकांनी करवंदीची जाळी ओढून काढली, तार सोडली आणि पायऱ्यांवरचं शेवाळ कुदळीने खरवडलं. पावसात जांभ्यावर शेवाळ आलं की साबणासारखं होतं. संध्याकाळी एकामागून एक गणपती डोक्यावर घेऊन माणसं उतरली. मी मुलींबरोबर तिसऱ्या वळणावर उभी होते. मूर्ती येताना दिसली की खालून वर जाणारं प्रत्येक माणूस आपोआप डोंगराच्या अंगाला सरकून, पाठ गडग्याला न टेकता, उभं राहत होतं. कुणी कुणाला सांगत नव्हतं. डोक्यावर घेतलेला माणूस एकदाही थांबला नाही, कडेला सरकला नाही.

काका शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाय, गणपतीला वाट देतात ना सगळे? माझ्या बायांना तेवढीच दे. मला दुसरं काही नको.”

पाच महिने जे नकाशा आणि कायद्याची कलमं धुंडाळून सुटत नव्हतं, ते तिथे सुटलं. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओटीवर गेले आणि आम्ही वर्षभराचं मांडून काढलं. वहिनींना मुद्दाम बोलावलं होतं. त्या आधी बोलेनात, मग बोलू लागल्या तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात न आलेल्या गोष्टी निघाल्या. ओझं घेऊन उतरताना समोर कुणी फोटो काढायला उभं राहिलं की नजर हलते. पाहुण्यांच्या गप्पांमुळे वरून हाक मारली तर खाली ऐकू जात नाही. आणि फणसाची एक फांदी पाखाडीवर इतकी खाली आलीय, की क्रेट घेऊन वाकावं लागतं. ती फांदी काकांच्या बागेतली होती आणि काकांनाच ठाऊक नव्हती, कारण क्रेट डोक्यावर घेऊन ते कधी उतरलेले नव्हते.

पैशांचा विषय मीच काढला. माणशी काही रक्कम बागेला देऊ, म्हटलं. काका स्पष्ट नाही म्हणाले. “वाटेचे पैसे घेतले की वाट माझी झाली. ती माझी नाहीय. तुझ्याकडे पैसे येत असतील तर गडगा बांध.” मी त्या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. ज्या माणसाने तार ओढली, त्याच्याच मनात वाटेबद्दलची सगळ्यांत स्वच्छ समज होती.

देवराईतून नेण्याचं मात्र काकांच्या हातात नव्हतं, माझ्याही नाही. त्यासाठी गावकर आणि गुरव यांच्यापुढे विषय ठेवला. देवीला कौल लावला, गाऱ्हाणं झालं, “व्हय महाराजा” म्हणून सगळ्यांनी साथ दिली. परवानगी मिळाली ती अटींसकट: चपला बाहेर, आतलं पानही उचलायचं नाही, झऱ्यात पाय घालायचे नाहीत. चार वर्षं मी ही विचारणा केलीच नव्हती.

ठरलं ते

तारेऐवजी पाखाडीच्या तोंडाशी बेडं घातलं. दोन उभ्या खांबांच्या भोकांतून आडव्या सरकवलेल्या बांबूच्या तीन काठ्या. माणूस काठ्या सरकवून जातो आणि मागे पुन्हा लावतो, गुरं शिरत नाहीत. तार आणि बेडं दोन्हींनी वाट अडतेच, पण तार म्हणते येऊ नकोस, बेडं म्हणतं लावून जा.

चालण्याचं वेळापत्रक झाडांच्या वेळापत्रकावर बसवलं. पहिल्या पावसापासून आश्विनापर्यंत वाट मोकळी, फक्त कलमांना खत आणि कल्टार (मोहोर यावा म्हणून मुळांशी घालतात ते औषध) घालण्याचे आणि गवत बेणण्याचे दिवस सोडून. थंडी पडून मोहोर फुटायला लागला, की तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आखून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे त्या साधारण पंधरा-पंधरा दिवसांनी येतात, पण ढगाळ हवा पडली की पुढे-मागे होतातच. त्या घळीत मोबाइलला रेंज नाही. मग राखणदाराने सुचवलं: फवारणी असली की बेड्यावर लाल फडकं. फडकं आहे तोवर बागेत पाऊल नाही, आणि ते फवारणीनंतर तीन दिवस तसंच राहील. कुठलाही फलक याच्याइतका चालला नसता.

मार्चअखेरीपासून शेवटची पेटी जाईपर्यंत पाहुण्यांसाठी पाखाडी बंद. हे मला सगळ्यांत महाग पडलं. ज्या दोन महिन्यांत शहरातल्या प्रत्येकाला आंब्याच्या बागेत यायचं असतं, तेच बंद. मी आधी दुपारचे तास मागून पाहिले. आंबा सकाळी आणि उन्हं कलल्यावर उतरवतात, भर उन्हात उतरवलेल्या आंब्यात साका धरण्याचा, म्हणजे आतला गर बिघडण्याचा, धोका वाढतो, त्यामुळे मधला वेळ मोकळा असेल असं मला वाटलं. पण त्या वेळात बायका झाडाखाली बसून आंबा निवडत असतात, जेवतात, जरा आडव्या होतात. त्यांची विश्रांती हा मोकळा वेळ नव्हे. ते मागणं मी मागे घेतलं.

बाकीचं थोडक्यात. एका वेळी आठच माणसं. पुढे एक, मागे एक गावचं माणूस. ओझं येताना दिसलं की गणपतीसारखी वाट द्यायची, हे चालायला लागण्यापूर्वी बेड्यापाशी सांगायचं. पडलेलं फळ उचलायचं नाही, काजूच्या टप्प्यात तर मुळीच नाही, कारण काजूत झाडाखाली पडलेली बीच पीक असते. (एका मुलाने कच्ची बी दातांनी फोडली होती. टरफलातल्या तेलाने ओठ भाजून सुजले, आणि त्याच्या आईला वाटलं साप चावला.) माणशी पन्नास रुपये गडग्यासाठी बाजूला.

एक वर्ष

पावसाळ्याचे उरलेले दिवस उत्तम गेले. जूनच्या पहिल्या सरींबरोबर सड्यावर दीपकाडी फुलते. पांढरी, नाजूक, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळांबाहेर क्वचितच दिसणारी. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं कातळाच्या ओल्या खोलगटांतून निळीजांभळी पसरतात. आंब्याखेरीज इथे बघायला काय आहे, असं विचारणारे लोक त्या निळाईपुढे गुडघ्यांवर बसलेले मी पाहिले आहेत.

ऑक्टोबरमध्ये चौथ्या वळणावर फुरसं होतं. हातभरही लांब नाही, पायरीच्या रंगाचं. अंगाचं अर्धगोल वेटोळं करून ते खवले एकमेकांवर घासतं, तेव्हा करवत लाकडावर हलकेच ओढल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आधी आला, साप नंतर दिसला. आम्ही मागे सरून उभे राहिलो, ते गडग्याच्या फटीत गेलं. म्हणूनच गडग्यावर हात टेकायचा नाही, बसायचं तर अजिबात नाही. आमच्या भागात फुरसं पुष्कळ. सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, पण ती जवळच्या आरोग्य केंद्रात त्या दिवशी शिल्लक आहे का, हे फोन करून विचारल्याशिवाय मी आता गट घेऊन निघत नाही.

फेब्रुवारीत एक गट लांबून गाडीने आला आणि बेड्यावर लाल फडकं. आदल्या रात्री ढग आले होते, राखणदाराने पहाटेच पंप सुरू केला होता. गटातल्या एका गृहस्थांना राग आला. इतके तास प्रवास करून आलो, त्यांचं म्हणणं. मी त्यांना आगरातून आणि खाडीच्या काठाने फिरवलं, अर्धे पैसे परत केले. ते समाधानी झाले नाहीत. एखाद्या गटाचं असं होणारच, आणि ते आधी सांगून ठेवायला हवं, एवढं मी त्यातून घेतलं. आता नावनोंदणी करतानाच फडक्याची गोष्ट सांगते.

देवराईतल्या एका जुन्या बेहड्यात धनेशाचं घरटं आहे. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि नर बाहेरून फळं भरवत राहतो. मार्चमध्ये मोठी लेन्स घेतलेल्या एका पाहुण्याला झाडाखाली तासभर थांबायचं होतं. नर समोरच्या काजऱ्यावर येऊन बसला, घशात फळं घेऊन, आणि येईना. दहा मिनिटांनी मी सगळ्यांना उठवलं. आम्ही सड्यापर्यंत पोचायच्या आत मागे पंखांचा वाफेच्या इंजिनासारखा आवाज आला, म्हणजे तो घरट्याकडे गेला होता.

आणि एप्रिल. वाट पाहुण्यांना बंद, फोन दिवसाला तीन-चार. एका वहिनींच्या घरी लग्न होतं म्हणून एक बाई कमी पडत होती, तेव्हा मी चार दिवस क्रेट वाहिले. पहिल्या दिवशी दोन खेपांनंतर मान वळेना. पण त्या चार दिवसांत मला पाखाडी नव्याने कळली. दुसऱ्या वळणाची वरून पाचवी पायरी डुगडुगते, रिकाम्या पायांना ते समजत नाही, ओझ्याखाली समजतं. तिसऱ्या वळणाला सकाळी आठ ते नऊ ऊन थेट डोळ्यांत येतं, म्हणजे त्या दिवशी वहिनींना आम्ही नीट दिसलोही नसणार. चुंबळ घामाने भिजली की क्रेट घसरतो, म्हणून बायका झऱ्यापाशी ती बदलतात, आणि तिथे बसायला धड दगड नव्हता.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, शेवटच्या पेट्या गेल्यावर, साठलेल्या पैशांतून काम काढलं. गडगा बांधणारा म्हातारा गवंडी शेजारच्या गावातून आला. चुना नाही, सिमेंट नाही. मोठे चिरे तळाला, प्रत्येक दगड हातात फिरवून त्याचं तोंड कुठे ते बघायचं, फटींत कपच्या ठोकायच्या, आणि भिंतीला आतल्या अंगाला किंचित कल द्यायचा. निखळलेला तो चिरा त्याने परत त्याच जागी बसवला, पण उलटा फिरवून. “हा उभाच चुकीचा होता,” म्हणाला. पाचवी पायरी पक्की केली. फणसाची फांदी काकांनी स्वतः तोडली. झऱ्यापाशी, देवराईच्या हद्दीबाहेर, चुंबळ बदलायला दोन चिरे बसवले. पावसाआधीचे आठ दिवस वाट पाहुण्यांना उघडली तेव्हा रायवळ आंबे पडत होते आणि करवंदं काळी झाली होती. काकांनी बेड्यापाशी रायवळाची टोपली ठेवली होती, चोखायला.

राहिलेलं

सड्याकडचा शेवटचा तीनशे मीटरचा टप्पा यंदा गेला. तिथली जमीन विकली गेली, नव्या मालकाने जेसीबीने कातळ सपाट केला आणि भोवती चिऱ्यांचं पक्कं कुंपण घातलं. पाखाडीच्या शेवटच्या चाळीस पायऱ्या त्यात गेल्या. आम्ही सध्या कुंपणाच्या कडेने, काजूतून वळसा घालून सड्यावर निघतो, पण तिथे उतार खडा आहे आणि पावसात मी तिथून कुणाला नेत नाही. खरी अडचण आमची नाहीच. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी त्याच पायऱ्यांनी वरच्या वाडीत जाते, आणि पालखी काजूतून वळसा घालू शकत नाही.

नवे मालक बाहेरगावचे, फोनवर सौम्य बोलतात, येऊन बघतो म्हणतात. सहा महिन्यांची मुदत इथेही चालू झाली आहे आणि या वेळी अर्ज तयार करून ठेवला आहे, माझ्या सहीसकट. त्याआधी एकदा समोर बसून बोलायचं ठरलंय. ते पुढच्या रविवारी येणार आहेत. गाव नकाशाची प्रत काकांनी स्वतःकडे मागून घेतली, घडीवर फाटू नये म्हणून मागून कापड चिकटवलं, आणि मला निरोप पाठवला: “मी येतो. तार कशी वाटते ते मला सांगता येईल त्यांना.”